घरातली वीज कुठे जाते ते मीटरला विचारा

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

वीजदर, पावसाळ्यात सारखी जाणारी वीज आणि कमी दाब यांविषयी आपल्या सदरात पत्रे येत असतात. तक्रारी रास्त आहेत. पण वीज वाचवायची कशी, हा विषय निघाला की उपाय एकच सांगितला जातो : खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करा. सवय चांगली, पण तिने बिल हलत नाही. आता घरोघरी ९ वॅटचे एलईडी दिवे आहेत. असा दिवा १११ तास जळेल तेव्हा कुठे एक युनिट पडते. २ किलोवॅटचा गीझर तेच युनिट अर्ध्या तासात खातो आणि दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना पाऊण तासाच्या आत. वायरिंग, मीटर आणि मोटारी यांच्या कामात आमची उमर गेली. गोव्यातले चार माणसांचे घर एसीशिवाय महिना दीडशे युनिटांत, कशाचीही ओढाताण न होता चालते, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो. फक्त वीज कुठे जाते ते आधी मोजायला हवे.

सुरुवात मीटरपासून. आठवडाभर रोज सकाळी ठरलेल्या वेळी आकडा दशांशासकट टिपून ठेवा. आजच्या आकड्यातून कालचा वजा केला की दिवसाचा खप मिळतो. शेजारी लिहा : कपडे धुतले, पाहुणे आले, एसी लावला. सात दिवसांत घराची चाल कळते. मग मीटरवरच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याकडे वळा. मीटरच्या पाटीवर एका युनिटाला किती लुकलुकी ते छापलेले असते, बहुधा ३२०० किंवा १६००. पहिल्या लुकलुकीला 'शून्य' म्हणून दहापर्यंत मोजा आणि त्याला लागलेले सेकंद पाहा. ३२०० चा मीटर असेल तर ११,२५० ला त्या सेकंदांनी भागा, १६०० चा असेल तर २२,५०० ला. उत्तर येईल तितके वॅट त्या क्षणी घरात चालू आहेत. दहा लुकलुकींना ७५ सेकंद लागले, मीटर ३२०० चा, तर १५० वॅट. मग एकेक उपकरण चालू-बंद करून पुन्हा मोजा. कुठलेही यंत्र विकत न घेता घरातल्या प्रत्येक वस्तूचा खप असा कागदावर येतो.

याच रीतीने एक महत्त्वाची परीक्षा करता येते. रात्री सगळे दिवे-पंखे बंद करा, फ्रिजसकट सगळे प्लग काढा आणि मीटर पाहा. दिवा लुकलुकायला नको. लुकलुकत असेल तर बोर्डावरचे एमसीबी (प्रत्येक लाइनचे आपोआप पडणारे स्विच) एकेक करून पाडा. ज्याला पाडल्यावर लुकलुक थांबते त्या लाइनवर गळती आहे. पावसाळ्यात हे दोष हमखास निघतात : फाटकावरच्या दिव्याची वायर, विहिरीच्या पंपाकडे जाणारा पाणी भरलेला पाइप, ओल आलेल्या चिऱ्याच्या भिंतीतला जुना जोड. मेन स्विच पाडूनही मीटर चालत असेल तर स्वतः काही उघडू नका, सीलला हात लावू नका, वीज खात्याच्या कार्यालयात लेखी कळवा.

ज्या घरांत वर-खाली दोन मीटर आहेत तिथे आणखी एक गोष्ट बघावी. घराचा विस्तार करताना वायरमन कधी कधी दोन्ही जोडण्यांची न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) एकत्र करून टाकतो. आताचे इलेक्ट्रॉनिक मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह मोजतात आणि जास्त असेल त्यावर युनिट धरतात. न्यूट्रल मिसळली की वरच्याचा प्रवाह खालच्या मीटरमधून परततो आणि खालच्याचे बिल फुगते. बऱ्याच मीटरांवर 'अर्थ'चा (EARTH) वेगळा दिवा असतो. तो सतत पेटलेला दिसला तर बहुतेक वेळा हेच कारण किंवा गळती. न्यूट्रल वेगळ्या करणे अर्ध्या दिवसाचे काम आहे, पण ते न केल्यामुळे वर्षानुवर्षे चुकीची बिले भरली जातात. त्याच वेळी बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. हा खर्च बचतीसाठी नाही, जिवासाठी आहे. पायाखाली ओली फरशी असलेल्या आपल्या प्रदेशात तो प्रत्येक घरात असायलाच हवा.

आता न्हाणी. आपल्याकडे नळाचे पाणी थंडीचे काही दिवस सोडले तर २६-२८ अंशांवर असते आणि आंघोळीला ४० अंश भरपूर होतात. १५ लिटरची बादली २७ वरून ४० अंशांवर न्यायला ०.२३ युनिट लागते. तेच पाणी शॉवरखाली सहज ६० लिटर जाते, म्हणजे ०.९ युनिट. एका माणसाच्या एका आंघोळीत चौपट फरक, आणि घरात माणसे चार. दुसरा दोष थर्मोस्टॅटचा. गीझर कारखान्यातून बहुधा ६०-७५ अंशांवर लावलेला येतो. आपण पाणी तेवढे कढत करतो आणि मग त्यात गार पाणी ओततो. एमसीबी पाडून गीझरचे खालचे झाकण काढले की कॉइलशेजारी थर्मोस्टॅटची चकती दिसते; काहींना ती बाहेरूनच फिरवता येते. १५ लिटरची टाकी ५० अंशांपर्यंत तापवायला २ किलोवॅटच्या गीझरला १२ मिनिटे आणि ०.४ युनिट लागते. त्यात गार पाणी मिसळले की ४० अंशांचे २६ लिटर होते, म्हणजे दोन बेतशीर आंघोळी. तेव्हा आंघोळीआधी पंधरा मिनिटे स्विच लावावा, एकापाठोपाठ एक आंघोळ उरकावी आणि बंद करावा. दिवसभर लावून ठेवलेला गीझर एक थेंबही न वापरता रोज अर्ध्या युनिटाच्या आसपास नुसती ऊब टिकवण्यात घालवतो. एक सावधगिरी मात्र पाळा : पाणी दिवसभर साठवायचेच असेल तर ६० अंशांच्या खाली ठेवू नका, कोमट साठ्यात जंतू वाढतात. ५० अंश हे तापवले-वापरले-संपवले अशांसाठी.

विहिरीच्या पाण्यावर गीझर चालत असेल तर कॉइलवर क्षारांचे पूट चढते. तापायला वेळ लागू लागला, तापताना करकर आवाज येऊ लागला, की ते चढले समजा. टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते. किनारपट्टीच्या मचूळ पाण्यात ती लवकर संपते आणि मग टाकी गळते. दर दोन वर्षांनी काढून पाहावी, किनाऱ्यालगत दरवर्षी.

घराघरांत बसलेल्या ३ किलोवॅटच्या इन्स्टंट गीझरविषयी मुद्दाम लिहितो. पाण्याला लागणारी वीज दोन्हीकडे सारखीच. इन्स्टंटमध्ये साठ्याची ऊब वाया जात नाही हे खरे. पण तो एकदम १३ अँपिअर ओढतो. १०० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या तीस घरांत सकाळी सातला असे गीझर एकदम लागले की ९० किलोवॅट तिथेच झाले. वाड्याच्या टोकाच्या घरी दाब पडतो, तिथला पंप सुरू होताना घरघरतो आणि आवाज करत गरम होतो. आपण वीज खात्याला दोष देतो, त्यात तथ्यही असते, पण त्या पडलेल्या दाबात आपल्या न्हाणीचाही वाटा असतो. ज्यांच्या परसात माड आहेत त्यांना सोडणे (नारळाची सालपटे) आणि चुडते (माडाच्या वाळलेल्या झावळ्या) जाळून भाणात पाणी तापवण्याचा मार्ग आजही मोकळा आहे. सरपण मात्र खणखणीत वाळलेले हवे आणि धूर बाहेर जाण्याची सोय हवी. १०० लिटरचा सौर बंब ऑक्टोबर ते मे उत्तम चालतो. पावसात त्याच्यावर भिस्त ठेवता येत नाही.

पंख्यांचा हिशेब लोकांना सांगितल्यावर पटत नाही, म्हणून आकडे देतो. जुना पंखा ७५ वॅटचा. चार पंखे दिवसाला सरासरी दहा तास चालले तर ३ युनिट, महिन्याला ९०. म्हणजे एसी नसलेल्या घरात सर्वांत जास्त वीज पंखे खातात. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या) मोटारीचा पंखा पूर्ण वेगात २८ ते ३५ वॅट घेतो आणि वेग कमी केल्यावर त्याचा खप आणखी झपाट्याने उतरतो. २८ वॅटचे चार पंखे घेतले तर ९० च्या जागी ३४ युनिट. सगळे एकदम बदलायची गरज नाही. जो पंखा सर्वांत जास्त तास चालतो, बहुधा झोपायच्या खोलीतला किंवा म्हाताऱ्या माणसांच्या खोलीतला, तो आधी बदला. बसवताना जुना रेग्युलेटर लाइनमधून काढून टाकायला वायरमनला सांगा. रेग्युलेटरवर हा पंखा चालवला की त्याचा आतला बोर्ड जातो. पावसाळ्यातल्या विजांनीही बोर्ड जातात, म्हणून गडगडाट सुरू झाला की स्विच बंद करावा आणि ज्या कंपनीचा बोर्ड जवळच्या दुकानात सुटा मिळतो तिचाच पंखा घ्यावा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचे आहे. त्यावरचा आकडा वाचूनच पैसे द्या. जुना पंखा हळू झाला असेल तर तो भंगारात काढण्याआधी कपॅसिटर बदलून पाहा. बहुतेकांना २.५ मायक्रोफॅरडचा लागतो आणि तो किरकोळ पैशांत येतो.

एसीच्या बाबतीत आपली हवा उत्तरेपेक्षा वेगळी आहे, आणि जाहिराती ही गोष्ट सांगत नाहीत. इथे पारा ३३-३४ च्या वर क्वचित जातो. त्रास होतो तो दमटपणाचा. एसीची बरीचशी शक्ती हवा गार करण्यात नव्हे तर तिच्यातले पाणी काढण्यात जाते. एक लिटर पाणी हवेतून काढायला साधारण ०.२ युनिट लागते. म्हणून एसीच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नयेत. त्यातले दोन लिटर पाणी एसीलाच पुन्हा गोळा करावे लागते. खोली किती बंद आहे ते ओळखायची सोपी खूण म्हणजे बाहेरची निचऱ्याची नळी. एसी लावल्यावर पहिला तासभर तिच्यातून धार लागते, मग थेंब विरळ व्हायला हवेत. मध्यरात्रीनंतरही पाणी त्याच जोरात पडत असेल तर बाहेरची दमट हवा कुठून तरी आत येते आहे. दाराखालची फट, खिडकीच्या जाळीच्या पट्ट्या, एसीच्या नळ्यांसाठी पाडलेले भोक. भोक पुटीने बुजवा, दाराला खाली रबरी पट्टी लावा. छत नुसते कौलांचे असेल आणि खाली लाकडी किंवा अन्य तक्तपोशी नसेल तर त्या खोलीत एसी लावण्यात अर्थ नाही, कारण कौलांच्या फटींतून हवा अखंड येत राहते.

तापमान २६-२७ वर ठेवा आणि छताचा पंखा हळू चालू ठेवा. वारा अंगावरून गेला की २४ इतकेच बरे वाटते. १ जानेवारी २०२० पासून विकल्या जाणाऱ्या एसीवर मुळातच २४ अंश लावून येतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. जाळी पंधरा दिवसांनी धुवा. कळंगुट, कोलवा, मोरजी अशा किनारी गावांत बाहेरच्या युनिटाच्या पत्र्यांवर खाऱ्या वाऱ्याची खपली बसते, पत्रे पांढरट होऊन भुगा व्हायला लागतात. मेन स्विच पाडून साध्या पाण्याने, जोराची धार न मारता, महिन्यातून एकदा धुतले तर ते बरेच जास्त टिकतात. स्लॅबचे घर असेल आणि वर पावसासाठी पत्रे घातले असतील तर मधल्या पोकळीच्या बाजू बंद करू नका. तिथून वारा खेळला तर स्लॅब रात्री भट्टीसारखा तापलेला राहत नाही.

फ्रिजचे थोडक्यात. लेबलावर वर्षाचे युनिट छापलेले असतात. भिंतीपासून चार बोटे तरी जागा सोडा. दारात नोट धरून दार लावा. नोट सहज निसटली तर रबर सैल झाले. पावसात त्या रबरावर काळी बुरशी येते, कोमट साबणाच्या पाण्याने पुसा. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फ करंगळीच्या नखापेक्षा जाड होऊ देऊ नका. मात्र सर्वांत मोठी गळती वेगळीच असते : नवा फ्रिज घेतल्यावर जुना फेकायला जीव होत नाही म्हणून तो मागच्या पडवीत मासळीसाठी आणि गणेश चवथीच्या सामानासाठी बारा महिने चालू राहतो. जुनाट फ्रिज दिवसाला दोन युनिटही घेतो, महिन्याला साठ. चवथीला आठ दिवस लावा आणि पुसून, दार उघडे ठेवून बंद करा.

जे कायम चालू राहते त्याकडे लक्ष द्या. १० वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला सव्वासात युनिट. सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी तो बहुधा तेवढेच खातो. भिंतीवरचा स्विच बंद करा. मोबाइल चार्जरचा मात्र बाऊ करू नका, मोबाइल जोडलेला नसताना तो मोजण्याइतके काही घेत नाही. खरा खाऊ इन्व्हर्टर आहे. बॅटरी जुनी झाली की ती भरतच नाही आणि चार्जर अखंड विजेचा मारा करत राहतो. बॅटरीला हात लावला तर कोमट लागते, पाणी लवकर लवकर खाली जाते. ही दोन लक्षणे दिसली की बदला. ज्यांना वीज गेल्यावर दोन दिवे, एक पंखा आणि इंटरनेट एवढेच हवे त्यांनी दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी बाळगण्याऐवजी आत बॅटरी असलेले एलईडी दिवे, राउटरचा छोटा यूपीएस आणि चार्जिंगचा पंखा घ्यावा.

आपल्याकडची एक सवय बाहेर कुणाला सांगूनही कळणार नाही : बुरशी धरू नये म्हणून पावसाळ्यात कपाटात २५ वॅटचा जुना पिवळा बल्ब. तो दिवस-रात्र जळला तर महिन्याला १८ युनिट. उपाय चांगला आहे, कारण काम त्याची उष्णता करते. एलईडीने ते होणार नाही. पण रोज संध्याकाळी तीन तास लावणे पुरते, म्हणजे सव्वादोन युनिटांत भागते. बल्ब आणि कपडे यांत वीतभर अंतर ठेवा आणि रात्री झोपताना बंद करा.

विहिरीचा पंप बिघडल्याचे बिलावरून उशिरा कळते. टाकी भरायला लागणारी मिनिटे लिहून ठेवा. एक अश्वशक्तीचा पंप हजार लिटरची टाकी पूर्वी पंचवीस मिनिटांत भरत होता आणि आता चाळीस लागतात, तर फूट व्हॉल्व्ह गळतो आहे, ओढीच्या पाइपात हवा शिरते आहे किंवा इंपेलर झिजला आहे. मोटार सुरू होताना नुसती गुणगुणत असेल तर कपॅसिटर किंवा दाब. आणि संडासच्या टाकीत थोडी हळद किंवा रंग टाकून पाहा; न ओढता भांड्यात रंग उतरला तर तुमचा पंप ते गळणारे पाणी रात्रंदिवस उपसतो आहे.

आता बेरीज. एसी नसलेले चार माणसांचे घर धरू : फ्रिज ३०, पंखे ९०, गीझर ६०, इन्व्हर्टर आणि चालू राहणारी उपकरणे ३६, दिवे १२, टीव्ही १२, पंप १२, मिक्सर-इस्त्री-धुलाई यंत्र ८. एकूण २६० युनिट. पंखे बदलले, ३४. न्हाणी सुधारली, ३०. चालू राहणारी उपकरणे १५. पंप ८. बाकी तसेच. एकूण १४९. घरगुती दर टप्प्यांचा असल्यामुळे कमी होणारे युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातले असतात, म्हणून बिल खपापेक्षा जास्त उतरते. दिव्यांना आम्ही हातही लावला नाही, हे पाहावे.

छतावर सौर पॅनल बसवणाऱ्यांनीही हे आधी करावे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. चांगल्या उन्हात एक किलोवॅट दिवसाला चारेक युनिट देतो आणि सुमारे १० चौरस मीटर जागा घेतो. दीडशे युनिटांवर आलेल्या घराला दीड किलोवॅट जवळपास पुरतो. २६० वाल्याला अडीच लागतात. जुलैत उत्पन्न बरेच खाली येते. एका माडाची सावली पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी सगळ्या रांगेचे उत्पन्न घसरते. किनाऱ्यालगत सांगाडा गॅल्व्हनाइज्ड किंवा अॅल्युमिनियमचा आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे हवेत. आणि हे आधीच समजून घ्या : बॅटरी नसलेली सौर जोडणी वीज गेली की स्वतःही बंद पडते, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाईल.

गोव्यात मोठी वीजनिर्मिती नाही. आपला पुरवठा मुख्यतः कोरबा, विंध्याचल, रामगुंडम अशा दूरच्या कोळशावरच्या केंद्रांतून येतो. ती वीज आणणाऱ्या नव्या वाहिन्या मोलेच्या जंगलातून जाव्यात का, यावर २०२० पासून किती वाद झाला ते वाचकांना ठाऊक आहे. त्या वादात आपण कुठल्याही बाजूला असलो तरी आपल्या न्हाणीतली आणि पडवीतली वाया जाणारी वीज आपल्याच हातात आहे. जंगल आपल्याला प्रिय असेल तर हे काम टाळता येणार नाही.

वीज खात्याकडे आमच्या तीन मागण्या आहेत. बिलावर दिवसाची सरासरी आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा खप ठळक छापावा. मे महिन्यात झाडांच्या फांद्या तोडतानाच, मागणी करणाऱ्या घरांची न्यूट्रल आणि गळतीची तपासणी करून द्यावी. आणि प्रत्येक उपविभागीय कार्यालयात, जमल्यास पंचायतींतही, प्लगमध्ये लावून खप दाखवणारे छोटे मीटर ग्रंथालयातल्या पुस्तकासारखे अनामत घेऊन आठवड्यासाठी द्यावेत. असा मीटर हजार-दीड हजार रुपयांत येतो आणि वर्षभरात पन्नास घरे फिरू शकतो.

आपले,
वीज क्षेत्रातील काही निवृत्त तंत्रज्ञ
फोंडा, गोवा